आधी दुसऱ्याचं सांग

लष्करीबाग, नागपूर
९ जानेवारी १९८३

श्रीमती इंदुताई यांस,
सप्रेम नमस्कार.

आपण मला ओळखत नाही. मी ताराचंद गजभिये, प्रेमिलाचा नवरा. इथे रेल्वेच्या पार्सल ऑफिसात काम करतो. आपल्या विद्यापीठाच्या पत्त्यावर हैदराबादला संत्र्यांची एक टोपली पाठवली आहे. आंबिया बहाराची शेवटची फळं आहेत. साल सैल झाली असेल, पण आत गोड आहेत.

प्रेमिला ऑगस्टमध्ये गेली. कावीळ झाली होती. शेवटपर्यंत शुद्धीवर होती आणि डॉक्टरांशी वाद घालत होती. आपला पत्ता माहीत नव्हता, म्हणून तेव्हा कळवता आलं नाही.

आपण दोघी एम.ए.ला एका बाकावर बसत होता हे मला माहीत आहे. आपल्या दोघींचा एक फोटो घरी आहे, त्यात आपले डोळे मिटलेले आहेत. ती म्हणायची, "लोकांना वाटतं इंदू विचार करते आहे. ती फक्त फोटोला घाबरते."

पत्राचं खास कारण नाही. घरचं थोडं लिहितो.

आपल्या तत्त्वज्ञान मंडळात शनिवारच्या सभेला आधी पूर्वपक्ष आणि मग सिद्धान्त अशी पद्धत होती. हे शब्द मला लग्नानंतर कळले. पूर्वपक्ष म्हणजे समोरच्याची बाजू, ती त्याला स्वतःला मांडता येणार नाही इतकी चांगली मांडायची. त्यानंतर आपली बाजू, तो सिद्धान्त. चुकलं असेल तर दुरुस्त करावं. मंडळात तिला नेहमी पूर्वपक्षच देत. मंडळ चालवणारे आपले सर म्हणायचे, "प्रेमिलाबाई दुसऱ्याची बाजू फार छान मांडतात." पुढे प्राध्यापकीच्या मुलाखतीतही तिला हेच ऐकायला मिळालं, आणि नोकरी दुसऱ्याला मिळाली. मग ती मुलींच्या शाळेत लागली आणि मंडळाची पद्धत घरी घेऊन आली.

आमच्या घरात भांडायचं तर आधी दुसऱ्याचं सांगायचं. तो "हो, हेच" म्हणाला की मग आपलं. तो म्हणेपर्यंत तोंड उघडायचं नाही. माझी आई भीमाबाई सुरुवातीला फार चिडायची. "सुनेशी भांडाले आता परीक्षा द्या लागते काय?" म्हणायची. पण दोन वर्षांत ती आमच्यात सगळ्यात तरबेज झाली. मला फारसं बोलायची सवय नाही, त्यामुळे मला हा नियम सोयीचा पडला.

गेल्या रविवारी शेजारच्या नत्थूजींच्या मुनग्याची फांदी आमच्या छपराच्या टिनांवर पडली. आपल्याकडे शेवगा म्हणत असतील. लाकूड ठिसूळ, दरवर्षी पडते. आई कुंपणाशी गेली.

"काय गा नत्थू, तुहा मुनगा माह्या घरात राहाले येऊन राहिला काय?"

"पयले माह्यं सांगा, भीमाबाई," नत्थूजी म्हणाले.

प्रेमिला गेल्यापासून या नियमाचं नाव कोणी काढलं नव्हतं. मग आई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तुह्यं म्हणणं असं, का झाड तुह्या बापानं लावलं, तोडाले जीव होत नाही, आन् शेंगा तर आमीच जास्ती खातो."

"हो, हेच. शेंगाचं मी काढणार नोतो. पण हेच."

"आता माह्यं आयक," म्हणून आईनं सुरुवात केली आणि तिला पुढे बोलताच येईना. शेंगांचं तिनं स्वतःच कबूल करून टाकलं होतं. दोघं हसायला लागली. माझी मुलगी विशाखा दारात होती, तीही हसली. घरात इतक्या मोठ्यानं हसणं बऱ्याच दिवसांनी झालं. मी आत जाऊन चहा ठेवला.

पेपरात वाचलं की मंडळाला पंचवीस वर्षं झाली, फेब्रुवारीत सीताबर्डीला कार्यक्रम आहे आणि आपण मुख्य पाहुण्या आहात. आपला ठावठिकाणा त्यातूनच लागला. एवढंच.

आपला,
ताराचंद गजभिये


२२ जानेवारी १९८३

इंदुताई यांस,
सप्रेम नमस्कार.

आपलं पत्र मिळालं. टोपली दबलेली निघाली याचं वाईट वाटलं. नाजूक माल म्हणून मी स्वतः वर ठेवली होती, पुढे कोणीतरी खाली घातली असणार.

आपण विचारलंत, प्रेमिला तुमच्याबद्दल काय म्हणायची आणि इतक्या वर्षांत तिनं एक ओळ का लिहिली नाही. दोन्हींचं उत्तर एकच आहे, पण ते द्यायला त्या दिवसाबद्दल लिहावं लागेल. मला जे माहीत आहे ते तिच्याकडून.

१९६५ची वार्षिक सभा. विषय होता, कोणाचा शब्द ज्ञान म्हणून धरावा. सरांचा सिद्धान्त असा की जो स्वतः एखाद्या गोष्टीत गुंतलेला आहे तो साक्ष देऊ शकतो, निवाडा करू शकत नाही. विचार करायला तटस्थ माणूस लागतो. प्रेमिलाला सवयीप्रमाणे पूर्वपक्ष. तिनं आपल्या वडिलांचं उदाहरण घेतलं. धोंडबा नरखेड तालुक्यातल्या एका शाळेत दाराबाहेर बसून चार इयत्ता शिकले. ती म्हणाली, "बाहेर बसलेल्या मुलाला फळाही दिसतो आणि दारही दिसतं. आत बसलेल्याला दार आड येतच नाही, म्हणून ते कोणाला अडवतं हे त्याला सांगता येत नाही. आतला मुलगाही गुंतलेलाच आहे. तरी त्याला तटस्थ म्हणायचं आणि बाहेरच्याला गुंतलेला, हे कोणी आणि कशावरून ठरवलं?"

सर म्हणाले, "प्रेमिलाबाई, हे आत्मचरित्र झालं. तत्त्वज्ञान नव्हे." सभा हसली.

त्यानंतर तुम्ही उठलात. वडील, शाळा आणि दार एवढं वगळून तेच म्हणालात, संस्कृत शब्दांत. सर म्हणाले, "वा! याला म्हणतात विचार." तो विचार पुढे तुमच्या नावानं छापून आला. तुम्ही दोघी त्या दिवसापासून बोलला नाहीत.

मी लग्नानंतर एकदा म्हणालो, तुझी मैत्रीण वाईट वागली. तिनं मला तिथेच अडवलं. "आधी तिचं सांग."

मी कसं सांगणार? मग तीच तुमच्या बाजूनं बोलायला लागली. म्हणाली, इंदू बावीस वर्षांची. वडील आजारी, सर त्यांचे जुने स्नेही, पुढची नोकरी सरांच्या शब्दावर. मला वाचवायलाच ती उठली होती, मुद्दा वाया जाऊ नये म्हणून. सर "वा" म्हणाले आणि तिला मध्ये थांबून माझं नाव घ्यायचा धीर झाला नाही. हे ती इतकं चांगलं सांगायची की मला तुमचीच कीव यायची. मी म्हणायचो, एवढं कळतं तर एक पत्र टाक.

ती म्हणायची, "कसं टाकू? इंदू अजून 'हो, हेच' कुठे म्हणाली? ती म्हटल्याशिवाय मला माझी बाजू मांडता येत नाही. नियम आहे."

मला वाटायचं, थट्टा करते. नंतर कळलं की ती खरंच वाट पाहत होती. रागावलेली नव्हती. तुमचा लेख कुठे आला की आणून वाचायची, समासात भांडायची आणि दिवसभर खुशीत असायची.

तर इंदुताई, वर जी तुमची बाजू लिहिली ती बरोबर आहे का, एवढं कळवाल का? बरोबर असेल तर "हो, हेच" लिहा. नसेल तर दुरुस्त करा. त्याशिवाय आमच्याकडे पुढचं बोलता येत नाही.

आपला,
ताराचंद


३ फेब्रुवारी १९८३

इंदुताई यांस,
सप्रेम जयभीम.

तुम्ही पत्राच्या वर जयभीम लिहिलंत म्हणून मीही लिहितो.

तुमचं पत्र घरात मोठ्यानं वाचलं. विशाखानं वाचलं, मी ऐकलं. "नाही, हे नाही" या पहिल्या ओळीलाच आई सरसावून बसली. "मी म्हटलं नोतं काय? प्रेमिला लय चांगली सांगे तिच्या बाजूनं. इतकं चांगलं कोणी नसते."

तुम्ही लिहिलंत की वडील आजारी होते हे खरं, पण त्या क्षणी ते आठवलेही नव्हते. नोकरीही आठवली नव्हती. सरांनी "वा" म्हटलं ते आवडलं. इतकं आवडलं की ते कोणाचं होतं हे विसरायला झालं, आणि आठवलं तेव्हा तुम्ही घरी पोचला होता. दुसऱ्या दिवशी प्रेमिला दुसऱ्या बाकावर बसली आणि तुम्हाला हायसं वाटलं.

मी ते परत एकदा माझ्या शब्दांत म्हणून दाखवलं. तुम्ही समोर नव्हता, म्हणून तुमच्या जागी आईनं मान हलवली. "हो, हेच. असं सांगा ना बाई."

आता प्रेमिलाची बाजू. ती मला पाठ आहे आणि छोटी आहे. ती म्हणायची, इंदू, तू बोललीस ते माझ्यापेक्षा नेटकं बोललीस. फक्त "प्रेमिला म्हणाली त्याप्रमाणे" एवढं राहिलं. तेवढं असतं तर मी त्याच संध्याकाळी तुझ्या घरी येऊन तुझ्याशी कडाकडा भांडले असते, कारण तुझ्या मांडणीत एक चूक होती. पण मुद्दा माझा आहे हेच कोणाला माहीत नसताना, तो चुकीचा मांडलास असं मी कोणाला सांगणार?

झालं. तिचं म्हणणं संपलं. हे लिहून मला फार बरं वाटतं आहे.

चूक कोणती, ते मला नीट सांगता येणार नाही. विशाखाला माहीत आहे. ती अकरावीत आहे आणि प्रेमिलाबरोबर भाजी निवडता निवडता हेच ऐकत मोठी झाली.

आता एक मागणं आहे. पहिल्या पत्रात खास कारण नाही लिहिलं होतं, ते खरं नव्हतं. प्रेमिला सिद्धान्ताच्या खुर्चीवरून एकदाही बोलली नाही. मंडळात अजूनही दोन खुर्च्या मांडतात, डावी पूर्वपक्षाची, उजवी सिद्धान्ताची. मुख्य पाहुण्या म्हणून तुम्हाला उजवी देतील. त्या खुर्चीवरून एकदा तिचं म्हणणं तिच्या नावानं ऐकायला मिळावं, एवढंच मला हवं आहे. लोकांना पटलं नाही तरी चालेल. कसं करायचं ते तुम्ही ठरवा. अडचण असेल तर तसं लिहा, मी मनात काही आणणार नाही.

आम्ही सगळे येऊ. नत्थूजीही येणार म्हणतात. त्यांना तत्त्वज्ञान म्हणजे कीर्तनासारखं काही असावं असं वाटतं.

आपला,
ताराचंद


२४ फेब्रुवारी १९८३

इंदुताई,
सप्रेम जयभीम.

तुमची गाडी वेळेवर पोचली असेल. प्लॅटफॉर्मवर मला काही बोलता आलं नाही, म्हणून लिहितो. तुम्ही व्यासपीठावर होता, मागच्या रांगांत काय चाललं होतं ते तुम्हाला दिसलं नसेल.

तुम्ही उजवी खुर्ची सोडून डावीवर बसलात तेव्हा तो तरुण चिटणीस वाकून म्हणाला, "मॅडम, ती पूर्वपक्षाची." तुम्ही "माहीत आहे" म्हणालात. ते माईकवर सगळ्यांना ऐकू आलं. नत्थूजींनी आईला विचारलं, "बाई जागा चुकल्या काय वं?"

"चूप बस," आई म्हणाली. "अठरा वर्सांनी बराबर बसली."

मग तुम्ही उभं राहून सांगितलंत की आजचा सिद्धान्त प्रेमिला धोंडबा सोमकुंवर यांचा आहे, तो १९६५ साली याच मंडळात त्यांनी मांडला आणि तुमच्या नावानं छापला गेला. सभागृहात कुजबुज झाली. माहेरचं पूर्ण नाव ऐकून मला क्षणभर ती कोण हेच कळलं नाही. नंतर कळलं. मग बराच वेळ मला समोरचं नीट दिसत नव्हतं, त्यामुळे तुम्ही बोलावल्यावर विशाखा कधी उठून वर गेली ते मी पाहिलं नाही.

चिटणीस म्हणाला, "वेळ कमी आहे, दोनच मिनिटं." आई उभी राहिली तो प्रकार तुम्हाला माहीत आहेच. "काहून गा? चहाले वेळ हाये, बिस्किटाले वेळ हाये, आन् तिच्या मायसाठी नाही?" पण तुम्हाला हे माहीत नाही की पहिल्यांदा हसले ते सर. पुढच्या रांगेत कानामागे हात धरून बसले होते. ऐंशी वर्षांचे झाले, पण आई बोलली ते त्यांना बरोबर ऐकू आलं.

विशाखानं आधी सरांचंच म्हणणं मांडलं, त्यांच्याकडे वळून, मोठ्या आवाजात. गुंतलेला माणूस साक्ष देतो, निवाडा देत नाही. आणि विचारलं, "सर, हेच ना?"

सर म्हणाले, "एक दुरुस्ती. देत नाही असं नाही, देऊ नये."

तिनं दुरुस्त करून परत म्हटलं. सरांना दुसरा मार्गच नव्हता, नियम त्यांनीच घातलेला. म्हणाले, "हो, हेच."

मग ती उजव्या खुर्चीजवळ गेली आणि प्रेमिलाचं म्हणणं बोलली. शाळा, दार, धोंडबा, काही गाळलं नाही. तुमची चूकही सांगितली. तुम्ही तेव्हा म्हणाला होता की बाहेरच्याला आतल्यापेक्षा चांगलं दिसतं. "आई असं म्हणाली नव्हती. बाहेरच्याला दारही दिसतं, एवढंच म्हणाली होती. फळा दोघांनी मिळून वाचायचा आहे." तुम्ही डाव्या खुर्चीवरून "मान्य" म्हणालात ना, तेव्हा मला वाटलं, प्रेमिला असती तर इथेच थांबली नसती. तुम्हाला घरी जेवायला घेऊन आली असती आणि ताटावर पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं असतं.

चिटणीस आभार मानायला उठला आणि सरांनी काठी आपटली. "थांबा. आक्षेप आहे."

लोकांना वाटलं, म्हातारे चिडले. पण तुम्ही हसत होता आणि विशाखाही हसत होती. सर म्हणाले, "दाराबाहेरच्याला दार दिसतं, मान्य. पण दार दिसलं म्हणून गणित बरोबर येतं असं नाही. बाहेरचाही चुकतो. मग त्याचा शब्द केव्हा धरायचा आणि केव्हा नाही, हे कसं ठरवणार? प्रेमिलाबाईंचं याला काय उत्तर?"

विशाखा म्हणाली, "उत्तर आज नाही, सर. विचार करून सांगते."

घरी येताना रिक्षात मी तिला विचारलं, सर विरोधात बोलले तर तू खूश का झालीस? ती म्हणाली, "बाबा, आत्मचरित्रावर कोणी आक्षेप घेतं का?"

घरी पोचता पोचता ते माझ्या लक्षात आलं. मग मलाही फार आनंद झाला. आईला सांगितलं की प्रेमिलाला आक्षेप मिळाला. आई म्हणाली, "मले काय सांगतं? मी तिथंच होती."

आता पुढची हकिकत. काल सर सायकलरिक्षा करून आमच्या घरी आले. पत्ता कोणाला विचारला कोण जाणे. ओसरीवर बसले आणि म्हणाले, "उत्तर तयार आहे का?" विशाखाचं तयार नव्हतं, पण माझ्या आईचं होतं. "चुकला का बराबर, हे पयले त्याले विचारल्याशिवाय कसं समजन? विचारा तर खरं." विशाखा म्हणाली, "आजी, हे उत्तर अर्धंच आहे. विचारल्यावर तो काय म्हणाला ते तपासायचं कसं?" आई म्हणाली, "मंग पुरं कर ना वं तू, शिकलेली हायेस तर," आणि तोंड फिरवून बसली.

सरांना आईचं उत्तर पुरेसं वाटलं नाही. ते बोलायला लागले तर आईनं हात वर केला. "मास्तर, पयले माह्यं सांगा."

सरांनी डोकं खाजवलं आणि आईचं म्हणणं मांडलं. आई म्हणाली, "हे नाही." त्यांनी परत मांडलं, जरा सोप्या शब्दांत. "जवळ आलात. पण हे नाही." कुंपणापलीकडून नत्थूजी शेंगांची जुडी घेऊन आले होते, ते पायरीवरच बसले. मला खात्री आहे, दुसऱ्यांदा सर बरोबरच बोलले होते.

विशाखा विचारते, तुमचं याला उत्तर काय? तुमचा आक्षेप असेल तर तोही पाठवा, समासात लिहून ठेवू नका. उन्हाळ्यात सुट्टी लागली की या. मृग बहाराची संत्री आता येतील, या वेळी मी टोपली गार्डाच्या हाती देईन.

काल मी चहा ठेवायला आत गेलो तेव्हा सर तिसऱ्यांदा सुरुवात करत होते. आई अजून "हेच" म्हणाली नव्हती. तिला काही घाई नव्हती.

तुमचा,
ताराचंद